एका कुपीतील शास्त्रे



परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच खल सुरू होतो : मुलाला कोणत्या शाखेला घालावे? शास्त्रांतही पुन्हा श्रेष्ठ कोणते? आम्हांला वाटते, ही तुलनाच फसवी आहे. ती कशी, हे दाखवण्यासाठी दूर जायला नको. १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्या पेनिसिलिनची एक कुपी हातात घ्या. तिच्यात किती शास्त्रे सामावली आहेत, तेवढेच आज पाहू.

पहिले जीवाणुशास्त्र. डोळ्यांना न दिसणारे जीव कसे जगतात व कसे मरतात, हा त्याचा विषय. १९२८ साली लंडनमध्ये फ्लेमिंग यांच्या तबकडीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतालचे जंतू विरघळले. दुसऱ्या कोणी ती तबकडी धुऊन टाकली असती; त्यांनी प्रश्न विचारला. पण बुरशीच्या रसातून औषधी द्रव्य टिकाऊ रूपात वेगळे काढणे त्यांना साधले नाही. ते काम रसायनशास्त्राचे. पदार्थ कशाचा घडला आहे व दुसऱ्यापासून वेगळा कसा करावा, हे ते शास्त्र सांगते. ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन व हीटली यांनी ते करून दाखवले.

१९४१ च्या फेब्रुवारीत तेथील एका पोलिसाला हे औषध टोचले. रक्तात विष भिनलेला तो माणूस चार-पाच दिवसांत सुधारू लागला. पण औषध संपले! त्याच्या लघवीतून गाळून काढलेले पेनिसिलिनही पुन्हा टोचले, तेही पुरले नाही, तो दगावला. जीवशास्त्र चुकले नव्हते, वैद्यकही चुकले नव्हते. उणीव होती ती मुबलक उत्पादनाची, म्हणजे अभियांत्रिकीची.

ही बुरशी हवेवाचून वाढत नाही. म्हणून प्रथम ती उथळ भांड्यांत, पृष्ठभागावरच वाढवीत. मोठ्या टाकीत ती वाढवायची, तर आत सतत हवा सोडावी लागते, रस घुसळावा लागतो, उष्णता वाढू द्यायची नसते. आणि हवाही निर्जंतुक हवी, कारण एखादा चुकार जंतू सारा रस नासवतो. हे यंत्रशास्त्राने साधले, तेव्हा औषध गरिबाच्या खाटेपर्यंत पोहोचले.

पदार्थविज्ञान मागे राहिले, असे समजू नका. १९४५ साली डॉरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पेनिसिलिनच्या रेणूची रचना उलगडली. आणि जीवरसायनशास्त्राने सांगितले, की हे औषध जंतूंच्या पेशीची भिंत बांधू देत नाही. माणसाच्या पेशीला तशी भिंतच नसल्यामुळे तिला त्याची बाधा नाही.

पिंपरीने पुढे स्वतःची भरही घातली. डॉ. तिरुमलाचार हे मूळचे बुरशींचे व वनस्पतिरोगांचे अभ्यासक. त्यांच्या चमूने येथे 'हॅमायसिन' हे बुरशीजन्य रोगांवरचे औषध शोधले. ज्या सूक्ष्म जीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात आपले गाव आहे : स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. झाडांच्या रोगांचा अभ्यासक माणसांच्या औषधाकडे वळला, तेव्हा शाखांचे कुंपण कोणाला आडवे आले?

रोग आपली शाखा विचारून येत नाही. शाखा पाडल्या त्या माणसाने, आपली बुद्धी एका वेळी एकाच प्रश्नाला पुरते म्हणून. प्रत्येकीने आपला प्रश्न चोख सोडवावा आणि शेजारणीला हाक द्यावी, एवढाच त्या विभागणीचा अर्थ.

आणि या साखळीत शेवटचा दुवा आपला आहे. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच दिला होता. आज तो खरा ठरला आहे. वैद्याला न विचारता, दुकानातून मनाने गोळ्या आणून खाणारा माणूस इतक्या शास्त्रांचे श्रम वाया घालवतो.

तेव्हा मुलाला कोणती शाखा श्रेष्ठ, हे सांगू नका. तुला कोणता प्रश्न झोपू देत नाही, एवढे त्याला विचारा. शाखा त्या प्रश्नामागून येईल.