शाळेत गोळी चालते तेव्हा



ह्या व्यासपीठावरून शिक्षणावर बोलायला प्राचार्य मंडळी येतात. आमची शाळा अर्ध्यावर सुटली; उरलेले शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आणि उसन्या आणलेल्या पुस्तकांतून झाले. तेव्हा शाळेतील गोळीबारावर बोलण्याचा आम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारले तर त्यात वावगे नाही. आमचा अधिकार एवढाच, की माणूस मेला किंवा कोणाचा हात गेला, म्हणजे 'हे झाले कसे?' ह्याची चौकशी करणे हे आमचे गेल्या तीस वर्षांचे काम आहे. तीच चौकशी आज शाळेच्या बाबतीत करून पाहू.

आधी हकीकत पाहू. ११ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीलगतच्या गुरगाव येथे युरो इंटरनॅशनल स्कूल ह्या शाळेत आठवीच्या दोन मुलांनी आपल्याच शाळेतील चौदा वर्षांच्या एका मुलाला गोळ्या घालून ठार केले. पिस्तूल त्या दोघांपैकी एकाच्या वडिलांचे होते. महिना उलटायच्या आत, जानेवारी २००८ मध्ये, आपल्या शेजारच्या मध्यप्रदेशात सतना जिल्ह्यात एका शाळकरी मुलाने दुसऱ्याचा गोळी घालून जीव घेतला. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातील यमुनानगर येथे बारावीच्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापिकेवर गोळ्या झाडल्या. रिव्हॉल्व्हर वडिलांचे, परवान्याचे. जुलै २०२४ मध्ये बिहारमधील सुपौल जिल्ह्यात अवघ्या पाच वर्षांच्या मुलाने दप्तरातून पिस्तूल नेले आणि तिसरीतल्या मुलाला जखमी केले. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे नववीच्या मुलाने जेवणाच्या डब्यातून कट्टा नेऊन शिक्षकावर गोळी झाडली. शिक्षकाने थप्पड मारल्याचा राग त्याच्या मनात होता, असे वृत्त आले. त्याच आठवड्यात अहमदाबादेत एका विद्यार्थ्याने दुसऱ्यावर धारदार हत्याराने वार केला आणि तो मुलगा दगावला.

म्हणजे हे केवळ अमेरिकेचे दुखणे आहे असे म्हणून आपल्याला पान उलटता येत नाही. अमेरिकेत ते फार मोठे आहे, आपल्याकडे अजून तुरळक आहे, हा फरक खरा. आणि तुरळक आहे तोवरच विचार करण्याला काही अर्थ आहे. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही.

अशी घटना घडली म्हणजे चार-दोन दिवस आपण काय बोलतो? कोणी म्हणतो, सिनेमाने पोरे बिघडली. कोणी मोबाईलला दोष देतो, कोणी आईबापांना. आणि शेवटी, 'तो मुलगाच राक्षस होता' असे म्हणून विषय मिटतो. ह्यात कुठे कुठे तथ्य असेलही. पण तोच सिनेमा लाखो मुले पाहतात आणि घरी येऊन वरणभात खाऊन झोपतात. तेव्हा चौकशी तिथे थांबू शकत नाही. कारखान्यात अपघात झाला की व्यवस्थापनाच्या अहवालात एक ठरलेला शब्द असतो: 'कामगाराचा निष्काळजीपणा'. हा शब्द लिहिला की फाईल बंद होते, आणि यंत्र होते तसेच राहते. 'राक्षस' हा शब्दही त्याच जातीचा आहे. तो उच्चारला की मुलाची फाईल बंद, आणि घरातले कपाट होते तसेच उघडे.

अमेरिकेत २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाईन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक मारले व मग आत्महत्या केली. त्यानंतर तेथील सरकारच्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने १९७४ ते २००० ह्या काळातील अशा ३७ घटना तपासल्या. २००२ साली आलेल्या त्या अहवालातील काही गोष्टी आम्हांला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. एक, हल्लेखोर मुलाचा ठरावीक नमुना सापडला नाही. गरीब-श्रीमंत, हुशार-मठ्ठ, एकलकोंडे-मित्रांतले, सर्व प्रकारचे होते. दोन, सुमारे पाचांपैकी चार घटनांत दुसऱ्या कोणाला तरी बेत आधी ठाऊक होता, आणि तो 'दुसरा' बहुधा शाळासोबतीच होता. तीन, दोनतृतीयांश हल्लेखोरांना बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरात मिळाली. आणि बऱ्याच मुलांना आधी इतरांनी छळले होते, असा त्यांचा अनुभव होता.

पहिल्या गोष्टीवर क्षणभर थांबू. नमुना नाही, ह्याचा अर्थ असा की अमुक वस्तीतला, अमुक जातीचा, अमुक भाषा बोलणारा मुलगा बघून त्याच्याच दप्तरावर नजर ठेवणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. चेहऱ्यावरून धोका कळत नाही. तो मुलाच्या बोलण्यावरून, वागण्यावरून आणि घरातल्या शस्त्रावरून कळतो.

आता एक घटना जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ऑक्सफर्ड नावाचे गाव आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथील एका बापाने पंधरा वर्षांच्या मुलाला बरोबर नेऊन पिस्तूल विकत घेतले. तीन दिवसांनी तो मुलगा वर्गात मोबाईलवर काडतुसे शोधताना एका शिक्षिकेला दिसला. शाळेने आईला फोनवर निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, सकाळी त्याच्या गणिताच्या कागदावर बंदुकीचे व रक्ताळलेल्या माणसाचे चित्र आणि मदतीसाठी टाहो फोडल्यासारखी वाक्ये आढळली. शाळेने आईबापांना बोलावले. मुलाला लवकर समुपदेशकाकडे न्या, असे सांगितले. आईबाप त्याला घरी न नेता कामावर गेले. पिस्तुलाचा विषय त्यांनी काढला नाही, शाळेने विचारला नाही. दप्तर कोणी उघडले नाही. मुलगा वर्गात परतला. सुमारे दोन तासांनी त्याने चार विद्यार्थ्यांना ठार केले.

ही हकीकत वाचली त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. कारण आम्हांला आमचीच एक गोष्ट आठवली. ती सांगणे सुखाचे नाही, तरी सांगतो.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पत्रा कापण्याची प्रेस होती. अशी प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्यावर एकदाच खाली यायला हवी. दोन बटणे अशासाठी, की हात पात्याखाली राहू नयेत. मंगळवारी फाटकावर एक तरुण कामगार आम्हांला म्हणाला, "भाऊ, चार नंबरची प्रेस डबल मारून राह्यली." म्हणजे बटण न दाबता ती दुसऱ्यांदा खाली येत होती. आम्ही म्हणालो, "महिनाअखेरच्या बैठकीत मुद्दा घेतो." शुक्रवारी दुसऱ्या पाळीत त्याच प्रेसखाली एका माणसाची तीन बोटे गेली. चौकशी झाली तेव्हा कळले की हा दोष पाच जणांना ठाऊक होता. यंत्र चालवणाऱ्याला, त्याच्या मदतनिसाला, फिटरला. फिटरने तर वहीत लिहूनही ठेवले होते. सुपरवायझरला ठाऊक होता, पण माल पाठवायचा होता. आणि पाचवे आम्ही. यंत्र मात्र कोणीच बंद केले नाही, कारण पूर्वी एकाने ते बंद केले तेव्हा त्याला 'उत्पादनात अडथळा' म्हणून चार्जशीट मिळाली होती. त्या माणसाने आम्हांला कधी बोल लावला नाही. पण नमस्कार करायला त्याने तो हात उचलला, की आमची मान खाली जाते.

पाचांपैकी एकही माणूस दुष्ट नव्हता. ऑक्सफर्डच्या शाळेतले शिक्षकही दुष्ट नव्हते. प्रत्येकाला थोडेथोडे ठाऊक होते आणि प्रत्येकाने ते पुढच्याकडे सरकवले. आमचा आजचा सगळा मुद्दा हाच आहे. शाळेतला गोळीबार बहुधा आकाशातून पडत नाही. त्याची चाहूल कोणाला तरी आधी लागलेली असते. तेव्हा शस्त्र हाती लागू न देणे, कळले ते सांगता येणे, आणि ऐकले ते त्याच दिवशी थांबवता येणे, ह्या तीन गोष्टी कराव्या लागतील.

पहिली गोष्ट शस्त्राची. दारूगोळ्याच्या कामावर जाणाऱ्या मजुराला आगपेटी आणि विडी फाटकाबाहेर ठेवावी लागते. त्याचा कोणाला राग येत नाही. मग घरातले पिस्तूल उशीखाली कसे चालते? स्कॉटलंडमध्ये डनब्लेन येथे १३ मार्च १९९६ रोजी एका माणसाने शाळेत शिरून १६ बालके आणि त्यांची शिक्षिका मारली. तेथील सामान्य नागरिकांनी सह्यांची मोहीम काढली, आणि १९९७ साली ब्रिटनने खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा आली. २०१६ च्या नियमांत शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे बंधनही आहे. पण किल्ली कुठे असते हे मुलाला ठाऊक असते. आईबापांना मात्र वाटते की त्याला ठाऊक नाही. मिशिगनच्या त्या आईबापांना २०२४ साली न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरले आणि दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा दिली. आपल्या नागपुरात पोरांच्या खिशात बंदुकीपेक्षा चाकू निघण्याचा संभव जास्त. तिथेही प्रश्न तोच: तो आला कुठून, आणि कोणी पाहिला?

दुसरी गोष्ट सांगण्याची. मुलांच्या जगात 'चुगलखोर' ह्या शिवीएवढी मोठी शिवी नाही. आणि ती शिवी आपण मोठ्यांनीच शिकवलेली आहे. दुसऱ्याला मार बसावा म्हणून सांगणे ही चहाडी. दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून सांगणे हे मैत्रीचे काम, हा फरक घरात आणि वर्गात पुन्हापुन्हा सांगावा लागेल. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका सरकारी अहवालात उधळले गेलेले ६७ बेत तपासले आहेत. त्यांत बेत उघडकीस आणणारे बहुतेक शाळासोबतीच होते. एखाद्या पोराने तोंड उघडले म्हणून शाळा वाचली. बदलापूरच्या ऑगस्ट २०२४ च्या घटनेनंतर आपल्या सरकारने शाळांत तक्रारपेटी बसवण्याबाबत नव्याने आदेश काढले. चांगले झाले. पण पेटीची किल्ली कोणाकडे, ती कोणत्या वारी उघडते, आणि चिठ्ठीचे पुढे काय झाले हे मुलांना कळते का? कारखान्यांतल्या सूचनापेट्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. त्यांत बहुधा पानाच्या पुड्या सापडतात. जिथे माणूस ऐकत नाही तिथे पेटी काय करणार? मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी आहे, मनाच्या त्रासासाठी १४४१६ आहे. हे आकडे फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवायला खर्च येत नाही.

तिसरी गोष्ट थांबवण्याची, आणि हीच सर्वांत कठीण. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेत हजारो माणसे मेल्यावर, १९८७ साली कारखाने कायद्यात धोक्याच्या कामावरील मजुराला तातडीच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क मिळाला, आणि ती सूचना ऐकून वरिष्ठाने ताबडतोब उपाय करावा असे बंधन आले. शाळेत असेच हवे. वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि एक समजूतदार बाहेरचा माणूस, डॉक्टर किंवा समुपदेशक, ह्या तिघांनी खबर मिळालेल्या दिवशीच बसावे. त्या दिवशी मुलाला एकटे सोडू नये, आईबापांसमक्ष दप्तर पाहावे, आणि 'घरी शस्त्र आहे का?' हे स्पष्ट विचारावे. संकोच करू नये.

पण थांबवणे म्हणजे हाकलणे नव्हे. नाव काढून घरी पाठवलेला मुलगा दिवसभर त्याच कपाटाजवळ एकटा बसतो. त्याला कोणी छळले, कोणी चारचौघांत मारले, हे ऐकून घेतले पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याने, २००९ सालीच, विद्यार्थ्याला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे मना केले आहे. कामगाराची तक्रार ऐकली जात नाही तिथे एक दिवस दगड उडतात, हे आम्ही पाहिले आहे. दगडाचे समर्थन आम्ही कधी केले नाही. पण तक्रार आधी ऐकली असती तर, हा विचारही कधी सोडला नाही.

कोणी म्हणेल, त्यापेक्षा उंच भिंत बांधा, दारात बंदूकधारी उभा करा. पहारा असावा, आमचा विरोध नाही. पण टेक्सासमधील युवाल्डे येथे मे २०२२ मध्ये १९ मुले आणि २ शिक्षिका मेल्या. सशस्त्र पोलीस काही मिनिटांत शाळेत पोहोचले होते. त्या वर्गात शिरायला त्यांना तासाहून अधिक वेळ लागला. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक घटनांत हत्यार गणवेश घालून, दप्तर पाठीवर टाकून आले. त्याला कोणता पहारेकरी अडवणार?

जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतील. पालकसभा होईल, तीत फीचा, पुस्तकांचा, गणवेशाचा प्रश्न निघेल. आपल्यापैकी एकाने तरी उठून तीन प्रश्न विचारावेत, एवढीच विनंती आहे. माझ्या मुलाला काही कळले तर त्याने कोणाला सांगायचे, त्या माणसाचे नाव काय? तो ऐकून त्याच दिवशी काय करील? आणि सांगणाऱ्या मुलाला त्रास होणार नाही ह्याची हमी कोण देतो? उत्तर मिळाले नाही तर खाली बसू नका. आम्ही एकदा महिनाअखेरच्या बैठकीची वाट पाहिली होती. आपण पाहू नये.