सिंफनी आणि अबोध मन : पुस्तके कशी पारखावी



ज्या पुस्तकांविषयी मी आज बोलणार आहे ती दोन विषयांच्या सीमेवरची आहेत. एका बाजूला पाश्चात्त्यांची सिंफनी : शंभराच्या घरात वादक, चार-पाच भाग, तासा-दीड तासाचा पसारा. दुसऱ्या बाजूला अबोध मन, जे कोणाला दिसत नाही आणि ज्याच्यावाचून, मनोविश्लेषकांच्या मते, आपले एक पाऊलही पडत नाही. सीमेवरच्या मुलखात कोणाचाच अंमल नीट चालत नाही. संगीतज्ञ म्हणतो, मनाचे मला कळत नाही; मानसशास्त्रज्ञ म्हणतो, स्वरांचे मला कळत नाही; आणि दोघेही एकमेकांवर भरवसा टाकून गप्प बसतात. त्यात लेखकाचे फावते. वाचकाने मात्र गप्प बसू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

उदाहरण एकच घेतो, पण पोटभर घेतो. गुस्ताव माहलर. जन्म १८६० साली बोहेमियात, बालपण इग्लाउ या गावी. १८९७ पासून १९०७ पर्यंत व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा संचालक. हिवाळाभर दुसऱ्यांचे संगीत चालवायचे आणि उन्हाळ्याच्या सुटीत स्वतःच्या सिंफन्या लिहायच्या, असा त्याचा क्रम. १९१० च्या उन्हाळ्यात पत्नी आल्माचे मन वॉल्टर ग्रोपिअस या तरुण वास्तुशिल्पज्ञाकडे वळल्याचे त्याला कळले आणि हा कर्तबगार मनुष्य पार कोसळला. २६ ऑगस्ट १९१० रोजी हॉलंडमधील लायडन गावी तो फ्रॉइडला भेटला. खोली नाही, कोच नाही. गावातून फिरत फिरत चार तास बोलणे झाले. पुढल्या वर्षी मे महिन्यात माहलर वारला.

एवढ्या भेटीवर किती कागद खर्ची पडला असेल याची कल्पना करा! त्यातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट अशी की, माहलरला बोलता बोलता लहानपणचा प्रसंग आठवला. आईबापांचे कडाक्याचे भांडण चालले होते, ते असह्य होऊन पोर घराबाहेर पळाले, तर रस्त्यावर कोणी दांडा फिरवून वाजवायच्या पेटीवर एक उडते लोकप्रिय गाणे वाजवीत होता. तेव्हापासून घोर दुःख आणि थिल्लर सूर यांची गाठ आपल्या मनात कायमची बसली, असे माहलरला वाटले.

आता पाहा, ही गोष्ट किती देखणी आहे! माहलरच्या संगीतात गंभीर प्रवाहात एकाएकी बाजारी सूर घुसतात, ही रसिकांची जुनी तक्रार. पहिल्या सिंफनीचा तिसरा भाग घ्या. ती १८८९ साली बुडापेस्टला प्रथम वाजली. त्या भागात प्रेतयात्रेची चाल आहे. पण चाल कुठली, तर युरोपातली मुले गातात त्या बडबडगीताची. तिला मायनर स्वरांत बसवून आरंभी एकटा डबल बेस खर्जात गुणगुणतो. शोक रंगात येतो न येतो तोच बोहेमियातल्या खेडवळ बँडसारखे काहीतरी मध्ये घुसते. यावर लेखक म्हणतो : पाहा, तीच पेटी, तोच रस्ता, तेच भांडण! वाचक मान डोलावतो.

मान डोलावण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : ही गोष्ट आपल्यापर्यंत आली कशी? माहलरने ती फ्रॉइडला सांगितली. फ्रॉइडने ती पंधरा वर्षांनी मारी बोनापार्ट या आपल्या शिष्येला सांगितली. तिच्या टिपणांवरून ती अर्नेस्ट जोन्सने फ्रॉइडच्या चरित्राच्या दुसऱ्या खंडात १९५५ साली छापली. म्हणजे मूळ भेट आणि छापील पान यांत पंचेचाळीस वर्षे आणि तीन तोंडे. गोष्ट खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती खरी असण्याचा पुष्कळ संभव आहे. परंतु जो लेखक ही साखळी वाचकापुढे ठेवतो तो एका जातीचा, आणि जो “माहलर म्हणतो” असे लिहून मोकळा होतो तो दुसऱ्या जातीचा.

दुसरा प्रश्न : याच गोष्टीचा निराळा उलगडा होतो काय? इग्लाउ हे लष्करी छावणीचे गाव. बँड, तुताऱ्या आणि रस्त्यावरचे सूर तिथल्या प्रत्येक मुलाच्या कानांवर पडत. शिवाय त्या तिसऱ्या भागाची कल्पना मॉरिट्झ फॉन श्विंड या चित्रकाराच्या एका चित्रावरून सुचली. त्या चित्रात रानातली जनावरे मेलेल्या शिकाऱ्याची प्रेतयात्रा काढतात. ससे, कोल्हे, हरणे शिकाऱ्याला खांदा देत आहेत! शोक आणि थट्टा यांची गाठ त्या चित्रातच बांधलेली आहे. मग आईबापांच्या भांडणाची गरज किती उरली? थोडी उरली असेलही. एकाच चित्रापाशी एकच मन का थांबले, हा प्रश्न मानसशास्त्राचा आहे, आणि तो योग्यच आहे. पण गाव आणि चित्र ही दोन्ही दडवून जे पुस्तक केवळ पेटीवर इमारत उभारते ते लबाड होय.

इमारतीवरून आठवले. फ्रॉइडने त्याच १९१० साली लिओनार्डो दा विंची याच्यावर पुस्तक लिहिले. पाळण्यात असताना एक पक्षी आपल्या ओठांवर शेपटी मारून गेला, अशी लिओनार्डोची आठवण. फ्रॉइडच्या हाती असलेल्या जर्मन भाषांतरात तो पक्षी गिधाड होता. गिधाडावरून मिसर देशातील गिधाडमुखी मातृदेवता, तिच्यावरून लिओनार्डोची आई, असा डोलारा रचला गेला. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ आहे घार. १९२३ साली ही चूक दाखविण्यात आली. घारीने देवतेला बरोबर नेले. पुस्तकातले इतर काही विचार तगले, पण गिधाडावर उभे होते ते सर्व पडले. संगीतावरची अशी पुस्तके वाचताना मी नेहमी मनाशी विचारतो, यातले गिधाड कोणते? तसे पाहिले तर फ्रॉइड स्वतः या बाबतीत सावध होता. १९१४ सालच्या एका निबंधात त्याने कबूल केले आहे की, संगीतापासून आपल्याला जवळजवळ आनंदच मिळत नाही. गुरूने जिथे पाय ठेवला नाही तिथे शिष्यांनी वाडे बांधले.

आता कालक्रमाकडे वळू. माहलरची सहावी सिंफनी ही त्याची सर्वांत काळीकुट्ट रचना. शेवटच्या भागात खऱ्याखुऱ्या हातोड्याचे घाव आहेत. पहिल्या छापील प्रतीत तीन होते. तिसरा त्याने मागाहून काढून टाकला. १९०७ साली त्याच्यावर तीन आघात झाले : थोरली मुलगी वारली, हृदयविकार उघडकीस आला, आणि ऑपेराचे पद सुटले. तीन घाव, तीन आघात! परंतु सिंफनी लिहिली १९०३ आणि १९०४ च्या उन्हाळ्यांत आणि ती वाजली १९०६ मध्ये. मग भक्त म्हणतात, अबोध मनाला भविष्य कळले. ही भविष्यवाणीची कल्पना मुख्यतः आल्माच्या १९४० सालच्या आठवणींतून आली, आणि आठवणी लिहिणाऱ्याला पुढचे सगळे ठाऊक असते. १९०४ च्या उन्हाळ्यात वस्तुस्थिती काय होती? लग्नाला दोन वर्षे झालेली, जूनमध्ये दुसरी मुलगी जन्मलेली, कीर्ती चढती. सर्वांत दुःखी सिंफनी सर्वांत सुखी दिवसांत लिहिली गेली.

बेथोव्हेनचे उलट आहे. ऑक्टोबर १८०२ मध्ये, बहिरेपणाच्या निराशेत, त्याने भावांना उद्देशून मृत्युपत्रासारखे पत्र लिहिले; आणि त्याच वर्षी दुसरी सिंफनी पुरी केली, जी हसतीखेळती आहे. मनुष्य रडत असताना त्याचे संगीतही रडते, हा हिशेब इतका सोपा असता तर मनोविश्लेषणाची गरजच काय होती? आपल्याकडे भैरवी गाणाऱ्याला “सकाळी घरी काय झाले?” असे कोणी विचारीत नाही. आपण तो प्रश्न सिंफनीकारालाच का विचारतो, हे मला एक कोडे वाटते.

बेथोव्हेनचा विषय निघालाच आहे तर एडिथा आणि रिचर्ड स्टर्बा या मनोविश्लेषक दांपत्याच्या १९५४ सालच्या ग्रंथाचा उल्लेख करतो. बेथोव्हेन आणि त्याचा पुतण्या कार्ल यांचे नाते हा त्याचा विषय. वाचनीय आहे, १८२६ साली त्या पुतण्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली, तिथपर्यंतची कहाणी अंगावर काटा आणते. पण मनुष्य समजला म्हणजे सिंफनी समजली, असा समज करून घेऊ नये. आणखी एक गोष्ट. बहिऱ्या बेथोव्हेनशी लोक वह्यांत लिहून बोलत. त्या वह्या त्याच्या मृत्यूनंतर शिंडलर या चिटणिसाच्या हाती होत्या, आणि १९७७ साली उघड झाले की, त्याने पुष्कळशी वाक्ये मागाहून घुसडली होती. पाचव्या सिंफनीच्या आरंभी नियती दार ठोठावते, ही कथाही याच शिंडलरची. बेथोव्हेनचा शिष्य चेर्नी म्हणे की, ते स्वर एका पक्ष्याच्या शिळेवरून सुचले. नियतीवर पन्नास पाने लिहिता येतात, पक्ष्यावर दोन. कोणती गोष्ट जगली हे सांगायला नको.

तर मग या मुलखात चांगले पुस्तक नाहीच काय? आहे. थिओडोर राइकचे १९५३ सालचे, छळणाऱ्या सुरावटीवरचे. राइक फ्रॉइडचा शिष्य. १९२५ च्या नाताळच्या दिवशी त्याला कार्ल आब्राहाम वारल्याची बातमी मिळाली. आब्राहाम त्याचा मित्र, आणि त्याचे मनोविश्लेषणही त्यानेच केलेले. राइक बर्फातून फिरायला निघाला आणि डोक्यात एक सुरावट सुरू झाली, ती काही केल्या थांबेना : माहलरच्या दुसऱ्या सिंफनीतले शेवटचे समूहगान, पुनरुत्थानाचे. हीच का? याचा शोध तो पुढे वर्षानुवर्षे घेत राहिला.

त्या गानाचाही इतिहास आहे. या सिंफनीचा शेवट माहलरला सुचत नव्हता. मार्च १८९४ मध्ये हाम्बुर्गला हान्स फॉन ब्यूलो या थोर वाद्यवृंदसंचालकाच्या स्मृतिप्रार्थनेत क्लॉपश्टॉकचे पुनरुत्थानाचे स्तोत्र मुलांनी गायिले, आणि शेवट सापडला. हे माहलरने स्वतः एका पत्रात लिहून ठेवले आहे. याच ब्यूलोला त्याने पूर्वी या सिंफनीचा पहिला भाग पियानोवर ऐकविला होता, तेव्हा ब्यूलोने कान झाकून घेतले होते. राइक म्हणतो, नाकारणारा वडीलधारा गेला आणि नाकारलेला उभा राहिला. शोकाच्या पोटात विजय होता. मग तो तीच सुरी स्वतःवर चालवितो : आब्राहामच्या मृत्यूने माझ्यातही असेच काही उठले काय? स्वतःची मत्सराची, महत्त्वाकांक्षेची जी कबुली तो देतो ती वाचताना आपणच चोरटे होतो.

राइकचा माहलरविषयीचा तर्क सिद्ध झालेला नाही, होणारही नाही. राइकविषयीचा बराचसा पटतो, कारण साक्षीदार हजर आहे आणि तो उलटतपासणीला उभा राहतो. हे पुस्तक पसरट आहे, जागोजागी पुनरुक्ती आहे, तरी मी ते पुष्कळ गुळगुळीत चरित्रांच्या वर ठेवीन. १९३५ साली फ्रॉइडने राइकला लायडनच्या भेटीविषयी लिहिले तेव्हा, एका गूढ इमारतीत एकच भुयार खणावे तसे ते झाले, अशा आशयाची कबुली दिली होती. चार तासांत एक भुयार! आणि पुढचे लेखक इमारतीचे नकाशे विकत बसले.

शेवटी, जिथे आयुष्य आणि संगीत यांचा सांधा डोळ्यांनी दिसतो अशी एक जागा सांगतो. दहावी सिंफनी माहलरने त्याच १९१० च्या उन्हाळ्यात लिहावयास घेतली आणि ती अपुरी राहिली. तिचे हस्तलिखित १९२४ साली जसेच्या तसे छापले गेले; डेरिक कुक या इंग्रज अभ्यासकाने त्यावरून वाजवण्याजोगी प्रत सिद्ध केली आणि ती १९६४ साली लंडनला वाजली. त्या पानांवर सुरांच्या मधे माहलरने पत्नीला उद्देशून आर्त उद्गार लिहिले आहेत. चौथ्या भागाच्या शेवटी कापडाने आवाज दाबलेल्या मोठ्या ढोलाचा एक ठोका आहे. आल्मा सांगते की, न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या खिडकीखालून आगीच्या बंबावरील एका मृत जवानाची अंत्ययात्रा गेली होती. ती क्षणभर थांबली, तेव्हा असा एकच ठोका वाजला आणि माहलरच्या डोळ्यांत पाणी आले. ही आठवणही आल्माचीच, म्हणून मी ती हातोड्याच्या कथेइतकीच सावधपणे घेतली असती. पण इथे हस्तलिखितात, त्या ठोक्यापाशी, माहलरच्या हातची शाई आहे. याचा अर्थ काय ते तुला एकटीलाच ठाऊक, असे त्याने तिला लिहून ठेवले आहे.