पोलक्याच्या गळ्यावरचा डाग



त्वचारोगतज्ज्ञांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. अध्यक्षाने सालभरातील संशोधनाचा आढावा घ्यावा अशी वहिवाट आहे. परंतु बावीस वर्षे मनात साठलेली एक तक्रार आज मांडली नाही, तर ती मांडण्याचा अधिकार मला पुन्हा लाभेलसे वाटत नाही.

तक्रार अशी की, आपण उन्हाच्या लेपावरचा एस.पी.एफ.चा आकडा तेवढा पाहतो आणि नळीत काय भरले आहे हे पाहत नाही. तो आकडा त्वचेच्या लालीवरून ठरतो, आणि ती लाली मुख्यत्वे २९० ते ३२० नॅनोमीटरच्या अतिनील ‘ब’ किरणांची करणी असते. आपल्या दारी येणारा रुग्ण लाल होऊन येत नाही; तो वांग घेऊन येतो, आणि वांग गडद करण्यात खिडकीच्या काचेतूनही आत शिरणाऱ्या ‘अ’ किरणांचा हात असतो. त्यांना अडविणाऱ्या रासायनिक गाळण्यांत अ‍ॅव्होबेन्झोन अग्रगण्य. त्याचे शोषण ३५७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक. युरोपात १९७८ साली आणि अमेरिकेत १९८८ साली त्यास मान्यता मिळाली. उन्हात मात्र या रेणूचे ईनॉल रूप पालटून कीटो होते, शोषण आखूड लहरींकडे सरकते आणि रेणू हळूहळू मोडतो. शेजारी ऑक्टिनॉक्सेट असेल तर दोघेही अधिकच लवकर नासतात, ऑक्टोक्रिलीन असेल तर त्यास आधार मिळतो. एस.पी.एफ.च्या आकड्यावरून यातले काहीही कळत नाही.

काल येथे वाद झाला की सावळ्या त्वचेला या लेपाची गरजच काय, आणि इतका अस्थिर पदार्थ ठेवावा तरी कशासाठी. त्यावर माझ्याजवळ एका शिक्षिकाबाईंची हकीकत आहे. अ‍ॅव्होबेन्झोनच्या लेपाने त्यांच्या दोन्ही गालांवरचा वांग चार महिन्यांत पुष्कळ ओसरला. पुढे त्यांनी लेप सोडला आणि उन्हाळ्यात वांग पूर्ववत गडद झाला. मी केसपेपरवर ‘औषध नियमित लावीत नाहीत’ असा शेरा मारून मोकळा झालो. पुढच्या खेपेस त्यांनी पिशवीतून पांढरे पॉपलीनचे पोलके काढून माझ्यापुढे ठेवले. गळ्याच्या पट्टीवर, मानेचा लेप जेथे घासतो नेमका तेथे, नारिंगी-तपकिरी कडे उमटले होते. ब्लीचिंग पावडरने ते अधिकच चढले होते. त्यांच्या परटाने एका दृष्टिक्षेपात सांगितले होते, “बाई, हा गंज आहे, बोअरच्या पाण्यातला.” परटाचे म्हणणे अर्धे खरे होते: अ‍ॅव्होबेन्झोनचे दोन ऑक्सिजन पाण्यातल्या लोहाला चिमट्यासारखे धरतात आणि त्यातून तांबूस संयुग बनते. लिंबाच्या रसात भिजवल्यावर डाग बराच फिका पडला. लेप अंगी मुरल्यावर पोलके घालावे आणि ते साठवलेल्या पावसाच्या पाण्यात धुवावे, एवढ्या दोन सूचनांवर बाईंनी लेप पुन्हा धरला, आणि दिवाळीपर्यंत गाल पुन्हा उजळले. सावळ्या त्वचेला गरज काय, या प्रश्नाचे उत्तर मला त्या गालांनी दिले.

मित्रहो, लेप बनविणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीने डाग पडतच नाही असे मला छातीठोकपणे सांगितले होते, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवून बाईंवर ठेवला नाही. असे किती केसपेपर आपल्या दफ्तरांत असतील! प्रयोगशाळेत हा लेप दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून तपासतात. रुग्ण त्याच्या निम्म्यानेही लावीत नाही, आणि त्याचे कारणही आपण त्यास कधी विचारले नाही.

कपडे धुण्याच्या सूचनांसह एक मराठी पत्रक काढावे, बाजारातील नळ्या उन्हात ठेवून तपासाव्यात, अशी माझी शिफारस आहे; तपशील कार्यकारी मंडळाने ठरवावा. बाईंनी त्या पोलक्याची पट्टी मला दिली होती. ती मी आज सोबत आणली असून या मेजावर ठेवीत आहे. ज्यांना ती हाती घेऊन पाहावयाची असेल, त्यांनी मध्यंतरात अवश्य यावे.