सोडलेला चेंडू

बेसबॉल हा आपल्या अंगणातला खेळ नव्हे. पण हा पोरगा पुढे काय करील, हा प्रश्न मात्र आपल्या घराघरातला आहे. अमेरिकेत 'स्काउट' नावाची माणसं याच प्रश्नावर पोट भरतात. गावोगावची मैदानं हिंडून ती होतकरू फलंदाज हेरतात. फटका, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक अशा पाच बाबींना 20 ते 80पर्यंत गुण देतात.

तरीही अंदाज चुकतात. 1966 साली देशभरातल्या मुलांतून पहिली निवड न्यूयॉर्क मेट्सची होती. त्यांनी स्टीव्ह चिलकॉटला घेतलं. दुसऱ्या क्रमांकावर रेगी जॅक्सन गेला. चिलकॉटचा खांदा दुखावला आणि तो मेजर लीगपर्यंत पोहोचलाच नाही. जॅक्सनने 563 होमरन मारले. उद्याची दुखापत आज कुणाला दिसणार?

मग पाहावं तरी काय? ताशी दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापाशी यायला अर्धा सेकंदही लागत नाही. तेवढ्यात मारायचं की सोडायचं, हे ठरवावं लागतं. चौकटीबाहेरचे चार चेंडू सोडले, की पहिला बेस आपसूक मिळतो. म्हणून जाणकार मारलेल्या चेंडूंइतकेच सोडलेले चेंडूही मोजतात. दंडाची ताकद वयाबरोबर वाढते. ही पारख अंगी बाणवणं त्याहून अवघड.

दुसरी गोष्ट वयाची. एकोणीस वर्षांचा मुलगा तेविशीतल्या पिचरांपुढे नुसता टिकला, तरी त्याचं मोल मोठं. तिसरी गोष्ट, वळणाऱ्या चेंडूवर फसल्यावर महिन्याभरात तो स्वतःत काय बदल करतो. हे एका दुपारच्या चाचणीत कळत नाही. पुन्हा पुन्हा जाऊन पाहावं लागतं.

व्हेनेझुएलाच्या होझे अल्तुवेला ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या चाचणीतून बुटका म्हणून परत पाठवलं होतं. सोळा वर्षांचा तो मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर हजर झाला. 2007 साली अवघ्या 15 हजार डॉलरवर त्याचा करार झाला. साडेपाच फुटांच्या या खेळाडूने 2014, 2016 आणि 2017 साली अमेरिकन लीगमध्ये फलंदाजीची सर्वोच्च सरासरी गाठली.

तेव्हा मुलांना आज जरूर जोखा. पण उद्या तीच मुलं पुन्हा आली, तर फाटक उघडं असू द्या.