घोडनदीकाठी आपलं स्वागत



स्वागत समितीच्या वतीने मी गावोगावहून आलेल्या अभ्यासकांचं आणि विद्यार्थ्यांचं घोडनदीच्या काठी, इनामगावात मनापासून स्वागत करतो. शहरातल्या सभागृहासारखी सोय इथे नाही. पण ज्या प्राचीन वस्तीवर तुम्ही निबंध वाचणार, ती तुम्हाला पायाखाली घालून पाहता येईल. ही सोय शहरात नाही.

१९६८ साली डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन सुरू केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या काळातली शंभराहून अधिक घरं उजेडात आणली. हे तुम्हाला पाठच आहे. आम्हा शेतकऱ्यांना त्यात जवळचं वाटतं ते पाणी. या वस्तीतल्या जोर्वे संस्कृतीच्या काळातल्या माणसांनी बांध घालून पुराचं पाणी वळवलं, सुमारे दोनशे मीटरचा पाट खणला, तोही लोखंडाची कुदळ हाती नसताना! त्या पाण्यावर जव पिकवला. पाणी आधी कुणाला, यावरून भांडणं झालीच असणार. आणि धान्याच्या कोठाराला लागून सापडलेलं पाच खोल्यांचं घर कुणाचं असेल, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

पुढे इसवीसनपूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान बिघडलं, असं ढवळीकरांनी मांडलं. ऐसपैस चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती मागे पडली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भिस्त वाढली. इथे खणणं चालू होतं तेव्हाच १९७२ चा दुष्काळही पडला. तो सोसलेली माणसं आज या मांडवात बसली आहेत. दुष्काळावर चर्चा कराल तेव्हा त्यांनाही चार शब्द विचारा.

एक मागणं आहे. उत्खननाचा अहवाल इंग्रजीत, सापडलेल्या वस्तू पुण्यात. घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत सापडलेली बिनशिराच्या देवीची मूर्ती आमच्या पोरांनी फोटोतच पाहायची का? मूळ वस्तू तिथेच सुरक्षित राहोत. पण तिची प्रतिकृती आणि मराठीतला एक फलक इथे हवा. आजचे निबंधही, जमेल तेवढे, मराठीत वाचा.

जेवणानंतर आपण उत्खननाच्या टेकाडावर जाऊ. ऊन आहे, टोप्या घाला. वाटेत खापरं दिसतील. बघा, पण खिशात घालू नका. आमची पोरं नजर ठेवून असतात.