वाचलेल्या शेळीचं काय?

2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पूर आला, दावणीची जनावरं दावणीलाच गेली. सरकारी मदत दुभत्या गाई-म्हशीला 37,500 रुपये, बैलाला 32,000 आणि शेळीला 4,000. दोन-दोन पिल्लं देणारी आपली उस्मानाबादी शेळी बाजारात एवढ्यात कुणी देतं का? तरी हक्काचे पैसे सोडू नका. जून 2024 पासून कानात बारा अंकी बिल्ला नसेल तर भरपाई नाही, असा राज्याचा नियम आहे. गाई-म्हशींना बिल्ले मारून घेतात, शेळ्यांचं राहून जातं. अन् शेळ्या तर आपणच सांभाळतो! म्हणून आम्ही गटाच्या वहीत बचतीशेजारी बिल्ल्याचे नंबरही लिहितो. जनावर दगावलं तर पुरायच्या आधी बिल्ल्यासकट फोटो काढा, तलाठ्याला आणि जनावरांच्या दवाखान्यात कळवा.

पण जी शेळी वाचली, तिनं खायचं काय? नदीकाठचं गवत गाळाखाली गेलं, कडबा कुजला. मेलेल्या जनावराला दर आहे, बुडालेल्या गायरानाला कुठला? 2019 च्या दुष्काळात जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या होत्या. पुरानं चारा गेला तरी भूक तीच. पंचनाम्यात चाऱ्याची नोंद वेगळी व्हावी, असा अर्ज आम्ही लिहिलाय. येत्या ग्रामसभेत देणार आहोत, सह्या करायला या.