गर्दीतला एकटा आणि खोलीतला एकटा



विषय दिलाय शहरातला एकटेपणा आणि कला. हा एकटेपणा मराठी कवितेत फार चघळला गेलाय. खिडकी, पाऊस, सिगारेट आणि आत पोकळी. असू द्या. त्यांची पोकळी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण त्या खिडकीतल्या माणसाला कुणी आडनाव विचारत नव्हतं.

आपलं दुखणं तिथून सुरू होतं. गावात आपल्याला अनोळखी राहायची सोयच नव्हती. पाणवठ्यावर, पारावर सगळ्यांना ठाऊक, हा कुठल्या वस्तीतला. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे वाभाडे काढले ते उगाच नाही. शहरात लोकलमध्ये खांद्याला खांदा घासणाऱ्याला आपली जात माहीत नसते. हे अनोळखीपण आपण मागून घेतलेलं आहे. म्हणून शहराला नुसत्या शिव्या घालणाऱ्या कवितेशी माझं जमत नाही.

पण खोली भाड्यानं घ्यायला गेलं की आडनाव विचारतातच. मग सुरू होतं चोरणं. भिंतीवर फोटो लावायचा नाही. चौदा एप्रिलला 'गावी चाललो' सांगायचं. आई आली की तिला शेजाऱ्यांत बसू द्यायचं नाही, बोलता बोलता सगळं बाहेर पडेल म्हणून. चाळीस बिऱ्हाडांत राहून ज्याला आपल्या आईशी मोठ्यानं बोलता येत नाही, त्याच्याहून एकटा कोण?

बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चं. त्या कथेतला तरुण रेल्वेत लागतो, जात लपवतो. मान मिळतो, माया मिळते. पण ती मिळत असते त्यानं घेतलेल्या सोंगाला. तिथंच काशिनाथ आहे, तो लपवत नाही, भांडतो. जात उघडी पडून मार पडतो तेव्हा धावून येतो तो काशिनाथच. बागुल रडगाणं गात नाहीत. हा एकटेपणा कुणी तयार केला त्याच्यावर बोट ठेवतात.

अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड घ्या. एका खोलीत दहा-बारा बाप्ये, पाळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं, बायको गावी. ही मुंबईच्या कामगाराची रीतच होती. ते विरहाचं गाणं. पण अण्णाभाऊ मैनेची ताटातूट बेळगाव-कारवारच्या ताटातुटीला नेऊन भिडवतात. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून ते गाणं उठलं की ज्याला त्याला आपली मैना आठवायची, आणि तीही सगळ्यांना एकदम!

आता आपलं. १९७२ चा 'गोलपिठा' वाचून पुष्कळ जण शिवी लिहायला शिकले. ढसाळांनी ती जगून लिहिली, आपण ती पाठ केली. चौदा एप्रिलला खोटं बोलून बाहेर पडलेल्या पोराची गोष्ट मात्र कुणी लिहीत नाही. कारण लिहिली तर खोली जाते.

आपल्यातल्या एकानं मला अशी कथा दाखवली. कथा जबरदस्त आहे, खाली टोपणनाव. काही मित्र म्हणाले, हा भित्रेपणा, जात चोरल्याची गोष्टही चोरलेल्या नावानं! मी त्याला भित्रा म्हणणार नाही. त्याच्या बायकोला सातवा महिना आहे आणि बाळंतपण त्याच खोलीत व्हायचंय. नाव त्याला हवं तेव्हा तो लावील. कथा पुढच्या अंकात जशीच्या तशी येईल. आणखी कुणाच्या पेटीत तळाशी असं काही दडवलेलं असेल तर जाताना माझ्याकडे द्या.